अध्यक्षांचं घरटं

माझ्या घरात एक अध्यक्ष राहतात. गावकीचे अध्यक्ष तुळशीराम वेगळे, ते वरच्या आळीत राहतात आणि माझ्याशी बोलत नाहीत. माझे अध्यक्ष काचेच्या टाकीत राहतात आणि ते बेट्टा मासे आहेत, त्यातही जायंट बेट्टा. साधा बेट्टा बोटाएवढा असतो, लोक त्याला फायटर म्हणतात आणि दुकानात प्लास्टिकच्या ग्लासात विकतात. जायंट नीट पोसला तर शेपटीसकट तळहात भरून उरतो. आमचे अध्यक्ष निळे, पंख तांबडे, खालचा ओठ जरा पुढे आलेला. आपल्या पाण्यात दुसरा नर त्यांना खपत नाही, समोर आरसा धरला तरी अंगावर धावून येतात. म्हणून नाव ठेवलं अध्यक्ष. नाव ठेवल्यावर मी बराच वेळ हसलो, एकटाच.

गावानं मला वाळीत टाकलं त्याला चार वर्षं झाली. कारण ऐकाल तर म्हणाल, एवढ्यासाठी? आमच्या आळीतल्या बाळाजीचं गावकीशी बिनसलं होतं, म्हणून त्याला वाळीत टाकलं होतं. त्याच्या मुलीच्या लग्नाला गावातून कोणी जायचं नाही असं ठरलं. मी गेलो. जेवलो, जिलबी दोनदा मागून घेतली. दुसऱ्या दिवशी मीही वाळीत. पुढे बाळाजीनं देवळात नारळ ठेवून माफी मागितली आणि गावानं त्याला परत घेतलं. मलाही म्हणाले, धनेश, तूही माग, विषय संपव. मी म्हटलं, बाळाजी भांडला होता, मी नुसता जेवलो, जेवल्याची कसली माफी? मला बघून मान फिरवणाऱ्यांत आता पहिला नंबर बाळाजीचाच असतो.

वाळीत टाकतात म्हणजे मारहाण होत नाही. शिव्याही नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, निदान त्या मला उद्देशून असत्या. दुकानदार माझ्या मागे उभ्या माणसाला विचारतो, काय देऊ. मागे कोणी नसलं तर रस्त्याकडे बघत बसतो. नळावर मी गेलो की बायका हंडे अर्धे भरलेले उचलतात. माझं घर आणि नामाचं घर यांच्यामध्ये एक तुळशीवृंदावन आणि वाळत घातलेले कपडे, एवढंच अंतर. नामा माझा लहानपणापासूनचा दोस्त, गावच्या बाजात ढोल वाजवतो. त्याच्याकडे आज सुकट भाजलंय की वालाचं बिरडं केलंय ते मला वासावरून कळतं. पण माझ्याशी बोलेल त्याला दंड, असा गावकीचा ठराव आणि त्यावर मुंबईला राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाची मोहोर. चार वर्षांत नामानं माझ्याशी एक शब्द काढला नाही. त्याची बायको जनी कधी कधी आमच्या बाजूला बघून कोंबड्यांशी मोठ्यानं बोलायची, की आज पाणी येणार नाही गं, उद्या लाइट जाणार गं. कोंबड्यांना त्याचा काय उपयोग.

मी हरिहरेश्वरला शुभमच्या लॉजवर वायरिंगचं, पंपाचं, गिझरचं काम बघतो. तिथे दिवसभर माणसं बोलतात. गरम पाणी कधी येईल, वायफाय का चालत नाही, आणखी एक उशी मिळेल का. दोन दिवसांची माणसं, त्यांची उत्तरंही दोन शब्दांची. शुभम म्हणतो, पोलिसात जा, बहिष्काराविरुद्ध कायदा आहे. आई असताना मी तिला तसं म्हटलं होतं. ती म्हणाली, "गावावर केस घालून गावातला पानी घशाखाली उतरल काय तुझ्या?" मग मी तो विषय सोडला.

शिमग्याला आमच्या गावात देवीची पालखी घरोघरी जाते. पुढे सनई-ढोलाचा खालूबाजा, मागे मुंबईहून आलेले चाकरमानी, प्रत्येक अंगणात पालखी टेकते, नाचते, बायका ओटी भरतात. आमच्या घरी मात्र येत नाही. बाळाजीच्या वळणावर बाजा थांबतो, सगळी माणसं मुक्यानं आमच्या दारावरून जातात, आणि नामाच्या घरापलीकडच्या त्याच्या अंगणात पुन्हा बाजा सुरू होतो. आई दर वर्षी अंगण सारवून, ताट भरून, नारळ घेऊन उंबऱ्यात बसायची. मी चिडायचो, की कशाला शोभा करून घेतेस. ती म्हणायची, "माणसांनी वाळीत टाकलाय. देवीनं कुठं टाकलाय?" पालखी निघून गेली की ती तो नारळ स्वतःच फोडायची.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. खांदा द्यायला मामाच्या गावची माणसं बोलवावी लागली. नामा त्याच्या ओट्यावर हात जोडून उभा होता, रडत होता, पण ओट्याखाली उतरला नाही. ते मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

मासे त्याच्या आधीपासून होते. शुभमनं लॉजच्या काउंटरवर शोभेला टाकी ठेवली होती आणि कोणाचं तरी ऐकून त्यात एक जायंट बेट्टा सोडला. त्यानं बाकीच्या माशांची शेपटं कुरतडली. शुभम म्हणाला, घेऊन जा, नाहीतर खाडीत सोडतो. खाडीच्या खाऱ्या पाण्यात तो तासभरही टिकला नसता. मी घरी आणला. मग त्याला जोडी म्हणून पुण्याहून मादी मागवली, मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो, आणि दोनदा फसल्यावर तिसऱ्यांदा पिल्लं झाली. बेट्टाची पिल्लं लहान असेपर्यंत एकत्र राहतात. नर वयात आले की एकमेकांना फाडतात, मग एकेकाला वेगळ्या बरणीत ठेवायचं आणि दोन बरण्यांमध्ये पुठ्ठा लावायचा, म्हणजे शेजारी कोण आहे ते दिसत नाही. माझ्या पडवीत लोणच्याच्या बरण्यांची रांग लागली होती. आई म्हणायची, "गावकीनं तुला शिकवलान आनि तू माशांना शिकवलंस." पण त्यांना डासांच्या अळ्या घालायला ती माझ्याआधी उठायची.

तिला अलिबागच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी तिच्यापाशीच होतो. घराला कुलूप. बरण्यांतलं पाणी तेवढ्या दिवसांत सडलं. परत आलो तेव्हा घरात आई नव्हती, आणि बरण्यांतून दोनच मासे जिवंत निघाले. एक नर आणि एक मादी, दोघंही त्या पिल्लांतली सगळ्यांत थोराड. नर म्हणजेच अध्यक्ष.

माणूस माशाशी बोलतो म्हटलं की लोक हसतात. पण घरी आल्यावर मी दार उघडतो आणि कोणीतरी काचेपाशी येतं. मला ओळखतं. दुसऱ्या कोणी हात दाखवला तर पंख फुलवेल, मी दाखवला तर बोटामागे फिरतं. दुसरं कोणी हात दाखवायला येत नाही म्हणा. एवढ्यावर मी दोन पावसाळे काढले. आणि बेट्टा फार जगत नाही. या वर्षी अध्यक्षांचा निळा रंग फिका पडायला लागला, पंखांच्या कडा विरल्या. मादीही थोराड झाली होती. आता जोडी लागली तर लागली, नाहीतर माझ्या घरचा हा वाण इथेच संपणार होता. बाजारात जायंट मिळतात, मिळत नाहीत असं नाही. पण ते आईच्या हातच्या अळ्या खाल्लेले नसतात.

फाल्गुनात उकाडा वाढला तशी मादी अंड्यांनी भरली. मी जोडी लावायला घेतली. रुंद टबात वीतभर पाणी घेतलं, त्यात जंगली बदामाचं वाळलेलं पान टाकलं, त्यानं पाणी कोऱ्या चहासारखं होतं आणि माशांना मानवतं. वर थर्माकोलचा अर्धा कप तरंगत ठेवला. त्या कपाखाली नर तोंडानं बुडबुडे सोडून फेसाचं घरटं बांधतो. अध्यक्षांनी म्हातारपणी बांधलेलं घरटं ओबडधोबड होतं, पण जाड होतं. मादीला आधी तळ कापलेल्या बाटलीत ठेवून त्यांना नुसती दाखवली, मग मोकळी सोडली. थोडी पळापळ, थोडी चावाचावी झाली. मग अध्यक्षांनी तिला घरट्याखाली अंगाचा वेढा घातला आणि दोघंही क्षणभर मेल्यासारखी स्तब्ध झाली. रव्याच्या कणाएवढी पांढरी अंडी खाली पडायला लागली. अध्यक्ष खाली जाऊन एकेक अंडं तोंडात घेत आणि वर जाऊन फेसात चिकटवत. मी दुपारचं जेवण विसरलो.

यानंतर मादीला बाहेर काढायचं असतं. नर एकटा राखण करतो. अंडं खाली पडलं की उचलतो, परत चिकटवतो, खात नाही, झोपत नाही. दीड-दोन दिवसांत पिल्लं बाहेर येतात. तेवढा वेळ त्याला धक्का लागता कामा नये. जायंट नर तर फार बिचकतो. दार आपटलं, टब हलला, मोठा आवाज झाला की तो स्वतःच अंडी गिळून टाकतो. माझी पहिली दोन घरटी अशीच गेली होती, एकदा मिक्सर लावला म्हणून आणि एकदा माझ्या हातून कळशी पडली म्हणून.

म्हणाल, मग नेमकी शिमग्यात जोडी का लावलीस? मी विचार करूनच लावली होती. मादी भरली होती, ती थांबणार नव्हती. आणि पालखीची मला काळजी नव्हती. बाजा बाळाजीच्या वळणावर थांबतो आणि नामाच्या घरापलीकडच्या अंगणात सुरू होतो, तेवढ्या लांबच्या आवाजानं काही होत नाही, मागच्या वर्षी मी टबातलं पाणी बघून ठेवलं होतं, हललं नव्हतं. गावात कोणाचंही दार निवांत नसतं तेव्हा माझं असतं. वाळीत असल्याचा एवढा एक फायदा, तो का घेऊ नये? शुभमला सांगितलं, अंगात कणकण आहे, दोन दिवस येत नाही. लॉज भरलेलं होतं, तो चिडला. चिडू दे.

पालखीच्या दिवशी दुपारी मी टबाशेजारी पाटावर बसलो होतो. घरट्याखाली बारीक काळे ठिपके दिसायला लागले होते, म्हणजे अंड्यांत डोळे धरले होते. संध्याकाळपर्यंत पिल्लं शेपट्या खाली सोडून लोंबकळायला लागली असती. अध्यक्ष दमले होते, पण जागचे हलत नव्हते. लांबून बाजा ऐकू येत होता. वरच्या आळीतून तो उतरत आला, बाळाजीच्या अंगणात बराच वेळ घुमला, आणि मग वळणावर थांबला. दर वर्षी तो थांबला की मी मनात एक शिवी द्यायचो. या वर्षी पहिल्यांदा मी म्हटलं, बरं झालं. असं म्हटल्याचं मला नंतर वाईट वाटलं, पण म्हटलं खरं.

पायांचा आवाज रस्त्यावरून जवळ आला. मी वाट बघत होतो तो पुढे जाण्याची. पुढे गेला नाही. अंगणात कोणीतरी खाकरलं. आणि मग सनई, ताशा, झांज, नामाचा ढोल, सगळं एकदम माझ्या दारात सुरू झालं.

मी उठलो तो पाटाला अडखळलो. टबातल्या पाण्यावर बारीक रेघा उठल्या होत्या. अध्यक्ष घरट्याखालून गर्रकन फिरले. मला वाटलं, गोधडी टाकावी. ब्लँकेट गुंडाळावं. टब उचलून मागच्या पडवीत न्यावा, पण उचलला तर घरटं तिथेच फुटलं असतं. मी गोधडी ओढली, टबाभोवती लपेटली, तेवढ्यात दारात तुळशीराम उभे. गावकीचे अध्यक्ष, डोक्याला फेटा, कपाळभर गुलाल. चार वर्षांनी त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं.

"धनेश, देवी दारात आलीय," ते म्हणाले. "भायेर ये."

मी बाहेर आलो. अंगण सारवलेलं नव्हतं. रांगोळी नव्हती, ताट नव्हतं, माझ्या अंगात बनियन होतं. सगळं गाव माझ्या अंगणात उभं होतं आणि माझ्याकडे बघत होतं. इतक्या लोकांनी बघण्याची मला सवय राहिली नव्हती, मी लुंगी सारखी करत राहिलो. जनीनं पुढे येऊन माझ्या हातात ताट दिलं. तिनं घरून भरूनच आणलं होतं, नारळ, खण, तांदूळ, सगळं. बाळाजी म्हणाला, "घे रं, ओवाळ." जणू आम्ही कालच एकत्र जेवलो होतो.

मी ओवाळलं. आईनं भरायची ती ओटी मी भरली. मला रडू येत होतं आणि कान मागे घराकडे लागले होते. मग पालखी उचलली आणि कोणीतरी ओरडलं, धनेशला खांदा देऊ द्या. दांडा माझ्या खांद्यावर आला. पालखी नाचवताना पाय जमिनीवर जोरात आपटावे लागतात, अंगण हादरलं पाहिजे, तर ती नाचते. नामा अगदी माझ्यासमोर येऊन ढोल वाजवत होता, घामानं भिजलेला, हसत होता. मीही पाय आपटले. मला माहीत होतं की भिंतीपलीकडे काय चाललं असेल. तरी मी सगळ्या गावाबरोबर पाय आपटत राहिलो, कारण आई असती तर दांड्यासमोर लोटांगण घातलं असतं तिनं, आणि मला इतकंच वाटत होतं की हे तिला दिसायला हवं होतं.

पालखी नामाच्या अंगणात गेली तेव्हा मी आत आलो. गोधडी काढली. घरट्याचा फेस टबाच्या कडेला लागून विरत होता. त्यात एकही अंडं नव्हतं. अध्यक्ष तळाशी पानाखाली बसले होते, पोट फुगलेलं. मी बोट दाखवलं, ते आले नाहीत. मला त्यांचा राग आला नाही. भ्यायलेला बाप दुसरं काय करणार. मादीकडे बघितलं, ती रिकामी झाली होती. परत भरेपर्यंत अध्यक्ष राहतील असं मला वाटलं नाही.

ऊन उतरल्यावर नामा आला. ढोल घरी ठेवून, हातपाय धुऊन, धुतलेला सदरा घालून आला, पाहुण्यासारखा. दारात थांबला. मी ये म्हटलं नाही तेव्हा आपणच आत येऊन जमिनीवर बसला.

"देवीला कौल लावलाता," तो म्हणाला. "परवा. गुरवानं इचारलान, सगल्यांच्या घरी जायाचा हाय काय. उजवा पडला, देवी व्हय म्हनाली. तुलशीदादांनी तीनदा लावाय लावला, तीनदा उजवा."

"मला कोणी सांगितलं नाही."

"कसा सांगनार? पालखी टेकल्याबिगर तुज्याशी बोलायचा न्हाय असा ठरलेला." मग म्हणाला, "जनीनं कोंबड्यांना सांगितलान. तू पडवीत न्हवतास."

चार वर्षं मी या माणसाशी मनातल्या मनात बोलत होतो. आईच्या वेळी तू का उतरला नाहीस, इथून सुरुवात करून एकेक वाक्य पाठ करून ठेवलं होतं. आता तो समोर बसला होता आणि मला त्यातलं एकही वाक्य काढावंसं वाटेना. खरं सांगायचं तर तो कधी जातो असं मला झालं होतं. त्याच्या श्वासाचासुद्धा आवाज होत होता.

तो इकडेतिकडे बघत होता. टबाकडे बघून म्हणाला, "ह्येच काय तुजे मासे? जनी सांगायची. केवडा हाय रं."

मग मी सांगितलं. काहीतरी बोलायचं म्हणून सुरुवात केली आणि थांबता आलं नाही. अलिबागहून आल्यावर दोनच कसे उरले, अळ्या कोण घालायचं, घरटं कसं बांधतात, अंड्यांत डोळे कसे दिसायला लागले होते, आवाजानं काय होतं. शेवटी आजचं सांगितलं. नामा टबात बघत राहिला. त्याच्या हातांना ढोल बडवून फोड आले होते, तो ते चोळत होता.

"मग सांगायचास ना," तो म्हणाला.

"काय?"

"नको वाजवूस म्हनून. मी तुज्या पुढ्यातच व्हतो. नुसता हात वर केला असतास तरी मी थांबलो असतो. तुलशीदादांना मी सांगितला असता, घरात जीव हाय, जरा दम धरा. देवी काय रागावनार व्हती?"

त्याला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून नाही. तो खरंच थांबला असता. सगळेच थांबले असते. मला गोधडी सुचली होती, ब्लँकेट सुचलं होतं, टब उचलून पळायचंसुद्धा सुचलं होतं. दारात अख्खं गाव उभं होतं, माझ्याशी बोलायलाच आलं होतं, आणि त्यांना एक शब्द सांगून बघावा, हे काही माझ्या मनातच आलं नव्हतं.

"सुचलं नाही," मी म्हटलं.

"सुचला न्हाय?"

"नाही."

नामानं मान खाली घातली. त्याचं उठून जायचं लक्षण दिसेना. मी चुलीपाशी गेलो, चहाचं आधण ठेवलं, साखर टाकली. मग लक्षात आलं की घरात दूध नाही. नामाकडे म्हैस आहे. मी भांडं हातात घेऊन त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलो. वाक्य साधं होतं, पण पाणी उकळून निम्मं आटेपर्यंत ते माझ्या तोंडातून निघेना.